आरा मशीनवर फळी वारंवार लाटेसारखी निघते: दीड वर्षानं सापडलेलं कारण आणि अजून उरलेला एक दोष

स्वतः बांधलेल्या बॅण्डसॉवर (दोन चाकांवर फिरणाऱ्या वेटोळ्या ब्लेडच्या आऱ्यावर) लाकूड कापणाऱ्यांसाठी आणि वखारीत आऱ्यावर ज्यांची हयात गेली त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्या मशीनवर फळी सरळ निघत नव्हती. ब्लेड मधेच खाली बुडायचं, मग वर चढायचं. आठ फुटांच्या फळीत दोन-तीन लाटा आणि जाडीत तीन-तीन सुतांचा फरक (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). काहीतरी दुरुस्त केलं की पहिल्या एक-दोन फळ्या छान निघायच्या आणि पुन्हा तेच. मूळ कारण आता सापडलंय, त्यावरचा उपाय एक अख्खा पावसाळा टिकलाय. पण रुंद, ओल्या लाकडात एक दोष अजून आहे. त्यावर तुमचा सल्ला हवाय, म्हणून मशीनची सगळी मापं देतो.

मी पेशानं फिटर. मशीन मुंबईत शिवडीच्या एका शेडमध्ये आहे. बैठक दारूखान्याच्या भंगार बाजारातून आणलेल्या जुन्या सी-चॅनलची, २० फूट लांब, वर उलटा अँगल वेल्ड करून रूळ केलेत. लाकूड जागेवर राहतं, डोकं, म्हणजे चाकं आणि ब्लेड असलेला भाग, रुळावरून हातानं ढकलायचं. दोन्ही चाकं २० इंचांची, कुर्ल्याला लेथवर टर्न करून बॅलन्स करून घेतलेली, त्यांच्या खाचेत टायर म्हणून बी सेक्शनचा व्ही-बेल्ट. बेअरिंगं नागदेवी स्ट्रीटवरून. मोटर थ्री फेज, ७.५ एचपी, १४४० आरपीएम. मोटरला ५ इंचांची पुली, शाफ्टला ८ इंचांची, म्हणजे चाक मिनिटाला ९०० फेरे घेतं आणि ब्लेड सेकंदाला सुमारे २४ मीटर पळतं. ब्लेड ३२ मिमी रुंद, १.०७ मिमी जाड, दातापासून दात २२ मिमी, हुक (दाताचा पुढे झुकलेला कोन) १० अंश, लांबी ४ मीटर.

लाकूड दोन प्रकारचं येतं. एक म्हणजे गिरगाव, काळबादेवीकडच्या जुन्या चाळी पाडल्या की निघणाऱ्या सागवानी तुळया आणि खांब. यातलं पुष्कळसं ब्रिटिश अमदानीत बर्माहून आलेलं. असं लाकूड पुन्हा मिळणार नाही, म्हणून ते मोठ्या गोल करवतीवर टाकून भुशात घालवायला मन धजत नाही. पातळ ब्लेडची चीर दोन मिलिमीटरच्या आसपास असते, मोठी गोल करवत तिच्या दुपटीहून जास्त लाकूड खाते. हे मशीन बांधण्यामागे खरं कारण एवढंच. दुसरं लाकूड पावसाळ्यात कोसळलेल्या रेन ट्रीचं आणि आंब्याचं.

कायद्याचं आधीच सांगतो, कारण नवीन माणूस इथेच फसतो. आरा मशीन उभं करण्याआधी वनखात्याकडे जा आणि परवान्याचं काय ते लेखी घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशापासून आरागिरण्यांवर कडक नजर आहे. शहरातल्या झाडाला १९७५ चा वृक्ष संरक्षणाचा कायदा लागू आहे, म्हणून महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाचा कागद असल्याशिवाय ओंडका दारात घेऊ नका. मी परवानाधारक वखारीच्या आवारात, त्यांच्या कागदांखाली काम करतो.

आता मूळ दुखण्याकडे येतो.

पहिला संशय धारेवर गेला, आणि तो सगळ्यांचाच जातो. जुन्या सागात सिलिका असते, ती धार लवकर खाते. त्यात मोडके खिळे. लाकडात लोखंड असेल तर भोवती काळा-निळा डाग पडतो, पण खोल रुतलेल्या खिळ्याचा डाग वर दिसत नाही. त्यासाठी हातातला मेटल डिटेक्टर घेतला. नवीन ब्लेड चढवलं की पहिल्या एक-दोन फळ्या आरशासारख्या निघायच्या. मला वाटायचं, झालं, धारच होती. चौथ्या फळीला पुन्हा पोट. सहा ब्लेडं मी अशीच उतरवली, आणि आज सांगतो की त्यातल्या चारांना धार शिल्लक होती.

मग रूळ. ही सगळी भरावाची जमीन, पावसाळ्यात खाली बसते. पाण्याच्या नळीनं लेव्हल काढली तर मधला पाय दोन सूत खाली गेलेला. पत्र्याच्या चकत्या घालून वर घेतला. फरक पडला, पण लाट गेली नाही. यातून एक कसोटी मात्र हाती लागली. दोष रुळाचा असेल तर तो बैठकीच्या त्याच जागी, प्रत्येक फळीत उमटतो. ओंडका चार फूट पुढे सरकवा. लाट बैठकीच्या जागी राहिली तर रूळ तपासा, ओंडक्याबरोबर सरकली तर ब्लेड किंवा लाकूड. ही चाचणी आधी केली असती तर माझे दोन रविवार वाचले असते.

गाइड रोलरवर (लाकडाच्या दोन्ही बाजूंना ब्लेडला आधार देणाऱ्या रोलरवर) मी बराच काळ घालवला आणि तो वाया गेला असं म्हणणार नाही. रोलरनं ब्लेडला चाकांच्या रेषेपासून साधारण ६ मिमी खाली दाबलं पाहिजे. दाब नसेल तर ब्लेड दोन चाकांमध्ये मोकळं थरथरतं. ब्लेडची पाठ आणि रोलरची कड यांत दीड ते तीन मिलिमीटर फट हवी. पाठ सतत घासत राहिली तर ब्लेड तापतं आणि तडकतं. आणि पातं बैठकीला समांतर हवं. हे डोळ्यानं कळत नाही. ब्लेडच्या सपाट अंगावर, दात सोडून, एक फूटभर सरळ पट्टी क्लॅम्प करा आणि पट्टीच्या पुढच्या व मागच्या टोकापासून बैठकीपर्यंतचं अंतर मोजा. माझ्याकडे पुढचं टोक एक मिलिमीटर वर होतं, म्हणजे ब्लेड नाक वर करूनच लाकडात शिरत होतं. तो रोलर सरळ केल्यावर फळीच्या सुरुवातीला येणारा चढ कायमचा गेला. लाट राहिली.

दातांची फाक, म्हणजे दात पात्याच्या दोन्ही बाजूंना किती बाहेर वळवलेत ते, तेही तपासलं. एका बाजूचे दात जास्त फाकलेले असतील तर ब्लेड त्या बाजूला ओढलं जातं आणि कट एकाच दिशेला पळत राहतो. माझा कट खाली-वर होत होता, एका दिशेला जात नव्हता. म्हणून हे कारण लवकर बाद झालं. व्होल्टेजचाही संशय घेतला, कारण इंडक्शन मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे उतरते आणि दहा टक्के व्होल्टेज गेलं की जवळपास एकोणीस टक्के जोर जातो. पण व्होल्टमीटर लावून पाहिलं तर पूर्ण व्होल्टेजलाही लाट येत होती.

शेवटी वहीनं वाट दाखवली. प्रत्येक फळीची वेळ, ब्लेड, लाकूड आणि पाच ठिकाणची जाडी लिहायला लागलो. तीन आठवड्यांनी पानं शेजारी शेजारी ठेवली तर एक गोष्ट डोळ्यांत भरली: सकाळची पहिली फळी सरळ आणि डबा खाल्ल्यानंतरची पहिली फळी सरळ. ब्लेड नवं असो की जुनं, साग असो की आंबा. तासभर थांबून धार काही परत येत नाही. तासाभरात एकच गोष्ट बदलत होती. ब्लेड थंड होत होतं.

त्याच दिवशी वखारीतल्या मिस्त्रीकाकांना हे सांगितलं. त्यांनी तरुणपणी कोकणात दोघांनी ओढायची करवत चालवलेली, एक जण वर उभा, एक खाली. त्यांनी माझं मशीन मागून पाहिलं, टेन्शनच्या बोल्टवर हात ठेवला आणि विचारलं, “हे पातं ताणून धरलंयस कशानं?”

“बोल्टनं, काका. एम-२० आहे, हलणार नाही.”

“तेच म्हणतो. चौकटीच्या करवतीला आम्ही दोरी पिळून खुंटी अडकवायचो. दोरीत जीव असतो. पातं सैल पडलं की ती आपसूक ओढून घेते. तुझ्या नटाला ओढून घेता येतं का?”

त्या रात्री कागद-पेन घेऊन बसलो. गणित साधं आहे, स्वतः करून पाहा. पोलाद दर अंशाला मीटरमागे ०.०१२ मिमी वाढतं. ४ मीटरचं ब्लेड ३० अंशांनी तापलं तर जवळजवळ १.४ मिमी लांब होतं. आता दुसरी बाजू. माझ्या ब्लेडला चौरस मिलिमीटरला १४० न्यूटन ताण हवा. तेवढ्या ताणानं ४ मीटरचं ब्लेड किती लांबतं? फक्त २.८ मिमी. म्हणजे चाक जागेवर घट्ट धरलेलं असताना ब्लेड ३० अंशांनी तापलं की निम्मा ताण आपोआप जातो. बोल्ट हलत नाही, नट सैल होत नाही, हाताला काही लागत नाही, आणि ब्लेड मात्र निम्म्या ताणावर लाकडात चाललेलं असतं. ताण गेला की पातं मऊ पडतं आणि गाठ आली की वाकून बाजूनं जातं. फळीवरची लाट म्हणजे ब्लेडनं शोधलेली ती सोपी वाट.

यावरून आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ब्लेड वेटोळं असल्यानं चाक एक मिलिमीटर सरकवलं की ब्लेड दोन मिलिमीटर ताणलं जातं. म्हणजे शून्यापासून पूर्ण ताण यायला चाक फक्त १.४ मिमी सरकावं लागतं. एम-२० बोल्टचा आटा २.५ मिमीचा. ढिलेपणा गेल्यानंतर जेमतेम अर्ध्या फेऱ्यात सगळा खेळ संपतो. मी ताण हाताच्या अंदाजानं देत होतो, आणि या अर्ध्या फेऱ्यात हाताचा अंदाज चालत नाही.

गणित खरं आहे की नाही ते मोजून पाहिलं. चकचकीत पोलादावर इन्फ्रारेड थर्मामीटर चुकीचं दाखवतो, म्हणून ब्लेडवर काळ्या मार्करचा पट्टा मारला. सकाळी २९ अंश, सलग तीन फळ्यांनंतर ६१. ताणासाठी आधी मी ३०० मिमी अंतरावर दोन क्लॅम्प लावून डायल गेज बसवलं होतं. थंड ब्लेडला ताण देताना ही पद्धत उत्तम आहे, ०.२ मिमी लांबलं की ताण बरोबर आला समजा. पण तापलेल्या ब्लेडवर ती फसवते. चाकं घट्ट असली की ब्लेडची एकूण लांबी तीच राहते आणि काटा हलतच नाही, ताण निम्मा झाला तरी. त्यासाठी वजनाची कसोटी घ्यावी लागते. मेन स्विच काढून वरच्या मोकळ्या भागाच्या मधोमध पाच किलोचं वजन टांगलं आणि सरळ पट्टीपासून झोळ मोजला. थंड असताना ४ मिमी. तीन फळ्यांनंतर जवळजवळ ८. ताण निम्मा म्हणजे झोळ दुप्पट, कागदावर निघालं होतं तेच.

ब्लेडं का तुटत होती तेही इथेच उलगडलं. दुपारी कट पळायला लागला की मी बोल्ट आवळायचो. संध्याकाळी तसंच सोडून घरी. रात्री ब्लेड थंड होऊन आकसायचं आणि आवळलेल्या ताणावर आणखी निम्मा ताण चढायचा. १.०७ मिमीचं पातं २० इंची चाकावर वाकतं तेव्हा नुसत्या वाकण्याचाच ताण चौरस मिलिमीटरला ४२० न्यूटनच्या आसपास असतो. त्यावर ही भर. दातांच्या बुडाशी चिरा पडल्या तर नवल नाही. तुमच्याकडे ब्लेड दाताच्या बुडातून तडकत असेल तर ब्लेडवाल्याला बोल लावण्याआधी संध्याकाळी टेन्शन सोडून पाहा. टायरच्या बेल्टवरही रात्रभर दाब राहत नाही, त्यांना खड्डा पडत नाही.

उपाय म्हणजे काकांची दोरी. बोल्ट आणि सरकत्या ब्लॉकच्या मध्ये डिस्क स्प्रिंगची माळ घातली, वाटीसारखे वॉशर असतात ते. दोन्ही बाजूंची ओढ धरून चाकावर जवळजवळ ७७० किलोचा जोर येतो, तेवढ्या जोराला माळ ८ मिमी दबेल अशी निवडली. आता ब्लेड तापून सैल व्हायला लागलं की स्प्रिंग चाकाला पुढे ढकलते आणि ताणातली घट दहा टक्क्यांच्या आत राहते. पहिल्या वेळी मी सगळ्या वाट्या एकाच दिशेला तोंड करून रचल्या. तशा त्या एकमेकींना बळ देतात, माळ दगडासारखी होते आणि काहीच फरक पडत नाही. वाट्या उलटसुलट, तोंडाला तोंड लावून बसवायच्या. दबलेल्या माळेची लांबी मोजून चॅनलवर खूण केली, आता ताण खुणेवर आणून ठेवतो, अंदाज नाही. दाबाचं घड्याळ असलेला हायड्रोलिक जॅकही चालेल, पण जॅकमधलं तेलही दबत नाही. त्याच्याबरोबर स्प्रिंग नसेल तर तो बोल्टसारखाच वागणार, फक्त घड्याळावर घट दिसेल.

जोडीला ब्लेड कमी तापावं म्हणून पाण्याची धार. पाच लिटरचा डबा, त्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, नळीनं थेंब-थेंब ब्लेड लाकडात शिरतं तिथे. कोरड्या सागाचा बारीक भुसा चिरेत दाटून घासतो, तो यानं वाहून जातो. डिझेलचे थेंब टाकणारेही आहेत. भुशानं भरलेल्या शेडमध्ये मी ते करणार नाही, तुम्हीही करू नका. काम संपताना पाणी बंद करून एक कोरडा कट घ्या, नाहीतर इथल्या खाऱ्या हवेत ब्लेड एका रात्रीत तांबडं होतं. पाणी आलं म्हणजे मोटरचं अर्थिंग तपासलंच पाहिजे. चाकांवरचं झाकण काढून एक फेराही चालवू नका. माझ्याकडे ब्लेड तुटलं तेव्हा झाकणाला पोचा आला, तो पोचा माझ्या मांडीएवढ्या उंचीवर आहे. आणि मास्क घाला, साधं कापड नव्हे. लाकडाचा बारीक भुसा कर्करोगाला कारण ठरतो हे सिद्ध झालेलं आहे आणि सागाच्या भुशानं कातडीही पेटते.

स्प्रिंग बसवल्यापासून सागात फळीची जाडी आठ फुटांत अर्ध्या सुताच्या आत राहते. सकाळी, दुपारी, संध्याकाळी सारखी. सलग बारा फळ्या काढून पाहिल्या.

आता उरलेला दोष. ताजा, ओला रेन ट्री, रुंदी १६ इंचांच्या वर. सुरुवात आणि मधला भाग सरळ, पण बाहेर पडताना शेवटच्या दीड फुटात ब्लेड वर चढतं. फळी टोकाला दोन सूत पातळ. आतापर्यंत हे तपासलं आहे:

ओंडका चार फूट पुढे सरकवला, दोष ओंडक्याबरोबर आला, म्हणजे रूळ नाही. ओंडका फिरवून बुंधा-शेंडा उलटा केला, तरी दोष बाहेर पडण्याच्या टोकालाच, म्हणजे त्या टोकाच्या लाकडाचाही नाही. कापताना लाकडातला ताण सुटून टोक उचलत असेल म्हणून टोकाखाली डायल गेज ठेवलं, काटा हलला नाही. शिवाय टोक उचललं असतं तर फळी जाड निघायला हवी होती, पातळ नव्हे. वजनाची कसोटी लगेच घेतली, झोळ साडेचार मिमी, ताण ठीक. गाइडमधलं अंतर मात्र एवढ्या रुंद लाकडाला २० इंचांपर्यंत उघडावं लागतं, आणि अंतर वाढलं की ब्लेड मऊ पडतं हे माहीत आहे. पण मग मधल्या भागात कट सरळ कसा राहतो?

माझा संशय दोन गोष्टींवर आहे. रेन ट्रीचे रेषे एकमेकांत गुंतलेले, भुसा ओला आणि लोकरीसारखा. ०.४५ मिमीची फाक सागाला पुरते, पण ओल्या लाकडात तो भुसा ब्लेडखाली साचत जातो आणि टोकापर्यंत थर जाड होऊन पातं वर उचलतो असं वाटतं. दुसरं म्हणजे १० अंशांचा हुक, जो ओल्या रेषांना ओढून घेत असावा.

तर ज्यांनी ओला रेन ट्री किंवा तसंच गुंतलेल्या रेषांचं रुंद लाकूड पातळ पट्टीवर कापलंय त्यांना तीन गोष्टी विचारतो. फाक एका बाजूला किती ठेवता, ०.६ मिमीला गेलात तर कट खरबरीत होतो का? हुक ७ अंशांवर आणल्यावर ७.५ एचपीला ढकलायला जड पडतं का? आणि शेवटच्या दीड फुटात ढकलण्याचा वेग कमी करता की तसाच ठेवता? मी हळू करून पाहिलं तेव्हा चढ कमी न होता वाढला, आणि याचं कारण मला लावता आलेलं नाही. पुढच्या आठवड्यात २२ इंचांचा ओंडका येतोय, त्याआधी एक ब्लेड ०.६ वर फाकवून ठेवतो.